पन्हळ फोडायची की राखायची?

'अहमदपूरला आमचं घर आहे. १९८७ साली मामंजींनी बांधलं. भिंती विटांच्या, वर स्लॅब, गच्ची हजार चौरस फूट. पुढच्या बाजूला स्लॅबच सव्वा फूट बाहेर काढून कडेला नऊ इंच उंच पडदी घातली आहे, म्हणजे तीस फुटांची काँक्रीटची पन्हळच. गच्चीचं सगळं पाणी तिच्यात येतं आणि कोपऱ्यातल्या एका सिमेंटच्या पाइपातून खाली जातं. चार-पाच वर्षांपासून पन्हळीच्या खालून खपल्या पडतात, तांबडे ओघळ दिसतात. आतल्या खोलीच्या भिंतीला वरून हातभर ओल येते. कोपऱ्यात पिंपळ उगवतो, उपटला तरी पुन्हा येतो. एक मिस्त्री म्हणतात, सगळी पन्हळ फोडून टाका. दुसरे म्हणतात, आत कोबा करून वरून डांबर मारू, दहा वर्षं बघायला नको. भाच्यानं इंग्लंडचा एक व्हिडिओ दाखवला, त्यात काँक्रीटची पन्हळ कटरनं कापून प्लास्टिकची बसवतात. मृग तोंडावर आलाय. आत्याबाई दिवसभर पन्हळीखालच्या ओट्यावरच बसलेल्या असतात. काय करावं?'

ताई, नमस्कार.

पहिलं काम आजच करा. आत्याबाईंची बाज ओट्यावरून हलवा. अंगणात लिंबाखाली टाका, बैठकीत टाका, कुठंही टाका, पण पन्हळीखाली नको. काँक्रीटची खपली सांगून पडत नाही आणि दहा-अकरा फुटांवरून आलेला वीतभर तुकडा डोकं फोडायला पुरतो. त्या ऐकत नसतील तर ओट्यावर उन्हात वाळायला काहीतरी मांडून ठेवा, म्हणजे जागाच उरणार नाही.

आता पन्हळीकडे वळू. तुमच्या पत्रातले तीन शब्द दोन्ही मिस्त्र्यांनी कानाआड केलेले दिसतात: 'स्लॅबच बाहेर काढून'. सगळी गोष्ट तिथं आहे. तुमची पन्हळ भिंतीला नंतर चिकटवलेली नाही. ती स्लॅबचाच हात आहे. एका बाजूनं धरलेली, दुसऱ्या बाजूनं अधांतरी. अशा लटकत्या स्लॅबचे मुख्य गज खाली नसतात, वरच्या अंगाला असतात, कारण वजनानं ती पुढं वाकायला बघते तेव्हा ताण वर पडतो. आणि तुमच्या पन्हळीत पाणी कुठं साचतं? वरच. ज्या गजांच्या जिवावर पन्हळ लटकली आहे, नेमके तेच गज चार महिने पाण्याखाली असतात. म्हणून खालच्या खपल्या आणि तांबडे ओघळ बघून किती बिघडलंय याचा अंदाज बांधता येत नाही. वर चढूनच बघावं लागतं.

खरं सांगायचं तर त्या खपल्यांपेक्षा मला आतल्या खोलीतली ओल जास्त खटकते. पन्हळ जिथं भिंतीवरून पुढं निघते त्या रेषेवर वरून भेग गेली असेल, तर पाणी तिथूनच उतरून आतल्या भिंतीच्या माथ्याला लागणार. लटकता स्लॅब खचायला लागला की पहिली भेगही त्याच रेषेवर येते. दोन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात. कदाचित ओल नुसती गच्चीच्या खराब कोब्यातून येत असेल. पण खात्री करून घेतल्याशिवाय कोणी हातोडा लावायचा नाही आणि कोबाही ओतायचा नाही.

खात्री अशी करायची. सकाळी ऊन चढायच्या आत एका माणसाला गच्चीवर पाठवा. त्यानं गच्चीवरच उभं राहायचं, पन्हळीत उतरायचं नाही. आतला गाळ, पाला, पारव्यांची घाण खुरप्यानं काढून तळ तारेच्या ब्रशनं झाडायचा. आपल्याकडे उन्हाळभर काळ्या मातीची धूळ उडत असते, ती पन्हळीत बसते आणि पहिल्या सरीला तिचा चिखल होऊन पाइपाचं तोंड बंद करतो. चार बोटं गाळ सहज निघेल. तळ उघडा पडला की तांब्याभर पाणी शिंपडायचं आणि वाळताना बघत राहायचं. बाकीचं काँक्रीट कोरडं झालं तरी भेग ओली काळी रेघ होऊन दिसत राहते. भिंतीला समांतर, लांबवर गेलेली अशी रेघ दिसली आणि तिच्यात पोस्टकार्डाची कड शिरत असेल, तर हे काम मिस्त्रीचं राहिलं नाही. त्याच दिवशी खालून बल्ल्यांचे टेकू द्या, चार-चार फुटांवर, वर आडवी फळी घेऊन, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. लातूर-नांदेडहून माणूस येऊन जायची फी लागेल, ती द्या.

तशी रेघ नसेल तर पुढची तपासणी घरच्या घरी होते. खालून आणि बाहेरून छोट्या हातोडीनं वीत-वीत अंतरावर ठोकत जा. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथं खडूनं गोल करा. तीस फुटांपैकी किती फुटांवर गोल पडले हे कळलं की अर्धा निर्णय झाला. भाचा कॉलेजात असेल तर त्याला आणखी एक काम सांगा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये फिनॉल्फ्थॅलिन असतं, त्याची बाटली मागून आणायला सांगा. नुकतीच खपली निघालेल्या ताज्या जागेवर थेंब टाकायचे. जागा गुलाबी झाली तर तिथं काँक्रीटचा क्षार शाबूत आहे आणि गजांचं कवच टिकून असावं. रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो क्षार खाल्लाय, गजांचं कवच गेलंय, आणि ओल लागली की ते गंजणारच. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, तो आतून रेटतो, म्हणून खपल्या सुटतात. त्या काळी गजांवर अर्धा इंचसुद्धा काँक्रीट न ठेवता छज्जे ओतलेले मी पुष्कळ बघितलेत. सिमेंट तेव्हा महाग होतं आणि देखरेखीला कोणी नसायचं, बाकी काही नाही.

आता तिन्ही सल्ल्यांकडे बघू.

कोबा आणि डांबरवाला सल्ला पहिल्यांदा बाद करा. तुमची पन्हळ नुसती फुटाला चाळीस किलोच्या वर भरते, तीस फुटांची मिळून बाराशे किलोच्या पुढं. तळात तीन इंच कोबा ओतला की आणखी साडेचारशे किलो लटकले, तेही पोखरलेल्या गजांवर. वर पन्हळीची खोली तीन इंचांनी कमी झाली, म्हणजे ती लवकर भरून आत उलटणार. किल्लारीचा हादरा ज्या जिल्ह्यानं ३० सप्टेंबर १९९३ ला सोसला, तिथं घराच्या कडेला लटकतं वजन वाढवायचा सल्ला कोणी देऊ नये असं मला वाटतं. आणि डांबर? आपल्या मे महिन्यात ते पातळ होऊन ओघळतं, डिसेंबरात कडक होऊन तडकतं, आणि या दोन्हींच्या मधे खालची भेग मात्र झाकून ठेवतं. दहा वर्षं बघायला नको म्हणतात ते खरंच आहे, बघायला काही दिसतच नाही.

भाच्याचा व्हिडिओ खोटा नाही, पण तो वेगळ्या घराचा आहे. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५०-६० च्या सुमाराला, फिनलॉक नावाचे काँक्रीटचे तयार ठोकळे निघाले. ते भिंतीच्या डोक्यावर एकापुढे एक रचायचे, त्यांच्या खाचेतूनच पाणी वाहायचं, आणि खिडकीवर तेच ठोकळे लिंटेलचं, म्हणजे वरचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईचंही काम करायचे. दोन ठोकळ्यांमधला प्रत्येक सांधा पुढंमागं गळतोच. शिवाय तिकडच्या थंडीत ठोकळ्याचं गार अंग खोलीच्या आत भिंतीच्या माथ्याला येतं, तिथं दव धरून बुरशी चढते. म्हणून कोणी आतून अस्तर लावतं, कोणी बाहेरचा भाग कापून प्लास्टिकची पन्हळ टांगतं. तिथं कापतात ते ठोकळ्याचं पुढं आलेलं अंग. तुमच्याकडे कटर लावला तर तो स्लॅबच्या गजांतून जाणार. व्हिडिओतलं घ्यायचंच असेल तर अस्तराची कल्पना घ्या, ती आपल्याकडेही चालते.

पन्हळ फोडा म्हणणाऱ्या मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. पडदी आणि तळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोकून बघितल्यावर पडदीच बद्द वाजत असेल आणि तळ खणखणीत असेल, तर पडदी तेवढी काढा. फुटाला बारा-तेरा किलो वजन उतरेल, साधा छज्जा उरेल, आणि त्याच्या टोकाला पीव्हीसीची नाहीतर पत्र्याची पन्हळ टांगता येईल. तळही पोकळ असेल, गज उघडून बघितल्यावर चौथ्या हिश्श्याहून जास्त झिजलेले असतील, तर मात्र डागडुजीत पैसे घालू नका. टेकू देऊन, इंजिनिअर उभा करून, पूर्ण छज्जाच उतरवा. आणि दोन्ही धड असतील, नुसत्या चार-सहा फुटांत खपल्या असतील, तर पन्हळ राखा. पत्रावरून मला वाटतं तुमचं घर या शेवटच्या प्रकारात बसावं, पण हा अंदाज आहे, हातोडीचा आवाज माझ्यापेक्षा खरा.

इतर वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. पोर्चवर दोन खांबांच्या मधे अशी उंच पडदी असेल तर ती बहुतेक वेळा पडदी नसतेच, वर काढलेली तुळई असते. पोर्चचा स्लॅब तिलाच टांगलेला असतो. तिला छन्नी लावू नका.

मृगापर्यंत काय होऊ शकतं आणि दिवाळीनंतर काय करायचं, हे वेगळं ठेवा. काँक्रीटची खरी दुरुस्ती मेच्या शेवटी सुरू करणं मला पटत नाही. चाळीस-बेचाळीस अंशांत मसाला धरण्याआधीच वाळतो, आणि टाचे मारून, म्हणजे छन्नीनं फोडून, उघडी पाडलेली पन्हळ पावसात सापडली तर आजच्यापेक्षा वाईट. दिवाळी ते गुढीपाडवा हा काळ धरा.

आत्ता करायचं ते पाण्याला वाट द्यायचं. हजार फुटांच्या गच्चीवर तासात दोन इंच पाऊस झाला तर पावणेपाच हजार लिटर पाणी होतं. लहान टँकरभर पाणी तुमच्या कोपऱ्यातल्या एका पाइपातून तासाभरात जायचं आहे, आणि त्या पाइपात पिंपळाची मुळं आहेत. तो तुंबला की पन्हळीत सहाशे किलोच्या वर पाणी साठतं. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे जसा पाऊस झाला तसा पुन्हा झाला तर? म्हणून पडदीला, वरच्या कडेपासून चार इंच खाली, दोन-तीन ठिकाणी भोकं पाडून दोन इंची पीव्हीसीचे तुकडे बसवा, वीतभर बाहेर काढलेले, तोंड थोडं खाली. गज न तुटतील अशा जागा बघून कोअर कटरनं, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या यंत्रानं पाडायची, छन्नीनं ठोकून नाही. पाइप तुंबला तरी जादा पाणी बाहेर अंगणात पडेल, घरात उलटणार नाही, आणि तिथून धार दिसली की तुंबलंय हे आत्याबाईसुद्धा बसल्या जागेवरून सांगतील. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं हेच. शेजाऱ्याच्या बोळाकडे मात्र एकही तोंड काढू नका, नाहीतर पुढचं पत्र मला त्यांचं येईल.

मग या पावसाळ्यापुरतं अस्तर. शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा कागद अहमदपुरात सहज मिळेल, शेतीच्या दुकानात उरलेला तुकडाही असतो. तीस फूट सलग घ्या, सांधा ठेवू नका. गच्चीच्या बाजूला तो दीड फूट वर येऊ द्या, ती कड कोरड्या, घासलेल्या काँक्रीटवर ब्युटाइलच्या चिकट रबरी पट्टीनं चिकटवा. पाणी कागदाच्या वरून आलं पाहिजे, खाली शिरलं की सगळं वाया. दुसरी कड पडदीवरून बाहेर वळवून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीनं दाबा. पाइपाच्या तोंडाशी फुली मारून कापा, चारही पाकळ्या आत वळवा आणि सीलंट भरा. दोन इंची तोंडांशीही तसंच. कागद ताणून बसवायचा नाही, कोपऱ्यात सैल सोडायचा, थंडीत तो आकसतो. सुंदर दिसणार नाही. एक पावसाळा काढेल, आणि आतली ओल थांबली तर पाणी पन्हळीतूनच येत होतं हेही सिद्ध होईल. नाही थांबली तर गच्चीचा कोबा तपासायचा.

पिंपळाचं काय करायचं ते सांगण्याआधी काय करायचं नाही ते सांगतो. मीठ किंवा मिठाचं पाणी ओतायचं नाही, आणि शेवाळं काढायला फरशीचं अ‍ॅसिडही नाही. गावोगाव हे दोन्ही उपाय चालतात, आणि दोन्हींतला क्लोराइड गजांना गंज चढवायला पुरेसा आहे. पिंपळ मारायला जाऊन छज्जा माराल. सध्या रोप बुडापासून कापा, ओढू नका, ओढलं की भेग रुंदावते. दिवाळीनंतर टाचे मारताना मुळाच्या मागं जाऊन ती जागा उघडावी लागेल, तेव्हाच तो कायमचा जाईल.

जुना सिमेंटचा पाइप त्या काळचा म्हणजे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचा. तो बदलायचाच आहे, पण त्याला कटर लावू देऊ नका, फोडूही देऊ नका. त्याची धूळ छातीत जाते आणि तिथंच राहते. ओला करून, पट्ट्या सोडवून, सबंध उतरवायचा. त्याच्या जागी चार इंची पीव्हीसी, आणि दुसऱ्या टोकालाही तसाच एक.

दिवाळीनंतरच्या कामात तीन गोष्टींवर स्वतः उभं राहा. पहिली, गज. बद्द वाजणारं सगळं काँक्रीट निघालं पाहिजे आणि गंजलेला गज चारही बाजूंनी मोकळा झाला पाहिजे, मागंही बोट जाईल इतका. तारेच्या ब्रशनं तो चकाकेपर्यंत घासायचा, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थरांनी भरायचा. नुसत्या सिमेंट-वाळूनं भरलं तर पुढच्या वर्षी तोच तुकडा अख्खा निघून हातात येतो. दुसरी, ढाळ. पन्हळीचा मधला भाग उंच आणि दोन्ही टोकांना उतार, शंभर फुटांना एक फूट या हिशोबानं पंधरा फुटांत जेमतेम दोन इंच. हलका पॉलिमर मसालाच वापरा, आणि तळ व पडदीच्या कोनात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, घोटून घ्या, म्हणजे वरचं अस्तर काटकोनात तुटणार नाही. तिसरी, अस्तर. तीस फुटांचं काँक्रीट हिवाळी पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दोन-तीन मिलिमीटर लांब होतं, त्यामुळे कडक थर इथं टिकत नाही. दोन भागांचं लवचिक सिमेंट-पॉलिमर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, मधे फायबरची जाळी घालून. नुसतं अ‍ॅक्रिलिकचं गच्चीवर मारायचं कोटिंग पन्हळीत नको, साचल्या पाण्यात ते मऊ पडून सुटतं. दुकानदार तेच पुढं करील, कारण त्याच्याकडे तेच जास्त खपतं.

काम झाल्यावर तोंडं बोळ्यांनी बंद करून पन्हळीत तीन इंच पाणी चोवीस तास ठेवा, शेजारी घमेल्यातही तितकंच. उन्हानं दोन्हीकडचं पाणी सारखंच उडेल. पन्हळीतलं जास्त उतरलं तर कुठंतरी झिरपतंय. ही परीक्षा आत्ता, दुरुस्तीआधी, चुकूनही घेऊ नका.

आणि पाणी जाणारच आहे तर वाया घालवू नका. वर्षाला सातशे मिलिमीटर धरले तरी तुमच्या गच्चीवर पासष्ट हजार लिटर पडतात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपल्यासमोरच घडलं. नवा पाइप उतरवतानाच बोअरशेजारच्या शोषखड्ड्याकडे वळवून घ्या, पहिल्या एक-दोन सरींचं गढूळ पाणी बाहेर सोडायला मधे एक टोपण ठेवा.

व्यवहाराचं शेवटी. टाचे मारायचं काम अंगावर देऊ नका, रोजानं द्या. किती सडलंय हे उघडल्याशिवाय कोणालाच माहीत नसतं, आणि ठरलेल्या रकमेत काम घेणारा माणूस कमीच उघडणार. गज झाकायच्या आधी तुम्हाला बोलवायचं, फोटो काढू द्यायचे, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या. अस्तराचं काम मात्र रनिंग फुटानं ठरवा, मालाचे सीलबंद डबे तुमच्यासमोर फुटले पाहिजेत. पन्हळ फोडा म्हणणाऱ्या मिस्त्रींनाच हे काम द्यायला माझी हरकत नाही, त्यांनी निदान रोग ओळखला होता. पन्हळीत तांब्याभर पाणी शिंपडल्यावर ती रेघ दिसली की नाही, एवढं मात्र मृगाच्या आत कळवा. दिसली असेल तर फोटो पाठवा, शेजारी फूटपट्टी ठेवून.